पंच्याखालचे बारा आकडे

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. असणार कसा? आमच्या पट्ट्यातली निम्मी भुतं माझ्याच कारखान्यात तयार झालेली आहेत! पूर्णगडच्या वाटेवर एका वळणाला बिनडोक्याचा खलाशी उभा असतो म्हणतात ना, तो मी उभा केलाय. एका लग्नात जेवणाची पंगत बसायला उशीर होत होता, लोक कंटाळले होते, म्हणून. आता तिथे माणसं नारळ ठेवतात. मध्यंतरी एकाने मलाच तो खलाशी बघितल्याचं सांगितलं, वर त्याच्या हातात दोन तलवारी दिल्या. मी एकच दिली होती.

तेव्हा हे वाचून तुम्ही म्हणाल, दत्ताची आणखी एक थाप. म्हणा. माझी तक्रार नाही. पण ही गोष्ट सांगताना मी जमेल तेवढं फुगवणं टाळलंय, आणि हा प्रकार भर दिवसा, सकाळी अकरा-साडेअकराला, उघड्या दारात घडला एवढं लक्षात असू द्या.

आमची बाग पावसच्या पुढे, पूर्णगडकडे जाताना डाव्या हाताला कातळावर आहे. हापूसची साडेतीनशे कलमं. (बाहेर मी हजार सांगतो.) बागेच्या कडेला चिऱ्याच्या भिंतींची, वर पत्रा टाकलेली लांबट शेड. आंबा उतरवला की तिथे गवतात आढी लावायची, पिकत आला की निवडून पेट्या भरायच्या. ही सगळी व्यवस्था बघायचा नाना. म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा.

नानाचं नाक ही आमच्या बागेची खरी इस्टेट होती. हापूसला साका म्हणून एक खोड असते. वरून फळ सोन्यासारखं, आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा आंबूस गर. बाहेरून ब्रह्मदेवाला कळत नाही. नानाला कळायचं. फळ देठाकडून नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "काढ ह्याला." कापून बघावं तर साका! वाशीला पोचलेल्या पेटीतला नासका आंबा नाना इथे पडवीत बसून सांगतो, असं मी गावभर सांगत असे. तेवढं खरं नाही. पण लोकांना ते खरं वाटायचं, दलाल पेटी उघडायच्या आधी विचारायचे, "नानांनी हुंगलीय ना?" आणि नानालाही हळूहळू ते आवडायला लागलं होतं. त्याच्या नाकाची कीर्ती नाकापेक्षा मोठी झाली ती माझ्यामुळे. हे पुढे फार महागात पडलं.

एका मे महिन्यात मी शेडमध्ये शिरलो तर आत भपकारा मारत होता. आढीच्या खालच्या थरात दहा-पंधरा फळं नासून पाणी झाली होती. आणि नाना त्या आढीला टेकून शांतपणे पेपर वाचत बसलेला.

"नाना, अरे वास येत नाही काय तुला?"

त्याने पेपर खाली ठेवला. "दार लावून घे," म्हणाला. मी दार लावलं.

"दत्त्या, माझं नाक गेलं."

"सर्दी झाली असेल रे."

"सर्दी नाही. यंदा मोहोर आला तो मला फक्त दिसला. वास नाही."

"मग मुक्ताला विचारू की. ती त्यातलीच आहे."

"मेल्या, गप! मुक्ताला नाही, तुझ्या वहिनीला नाही, कुणाला नाही. ह्या शेडच्या बाहेर हे गेलं तर माझं तोंड बघू नकोस."

मुक्ता म्हणजे नानाची एकुलती एक लेक. पुण्याला एका संस्थेत मेंदूवर रिसर्च करते. तिने मला एकदा समजावलं होतं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. आपल्या मेंदूत राखणदार पेशी असतात. बाहेरचं काही आत शिरलं की त्या धावतात. पण कधीकधी राखणदारच बिथरतो आणि घरच्याच कलमांवर कोयती चालवायला लागतो. मेंदूला आतून बारीक बारीक सूज राहते, वर्षानुवर्षं. त्यातून पुढे हात थरथरणं, विसरणं असले आजार होतात. आणि हात थरथरायच्या कितीतरी आधी काहीजणांचा वास जातो. म्हणून ती लोकांचं नाक तपासत फिरत होती.

हे मला माहीत होतं. हे मला त्या मे महिन्यातच माहीत होतं. पण नानाने शब्द घेतला होता. आणि खरं सांगू? मला मजाही वाटत होती. दोघा भावांचं गुपित! नाना दलालांसमोर फळ नाकाशी धरून डोळे मिटायचा, मी शेजारी उभा राहून वास घ्यायचो, आणि खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकून त्याचं बोट दाबायचो. एक बोट म्हणजे ठेव, दोन म्हणजे काढ. ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. भाव ठरवतानाही रुमालाखाली बोटं दाबूनच बोलतात, म्हणजे चारचौघांना कळत नाही. आता सगळं मोबाईलवर असतं, पण आम्हां जुन्या माणसांचा हात अजून पंच्याखाली जातो. साका मात्र माझ्या नाकाला कळायचा नाही. त्या वर्षी दोन-चार पेट्या परत आल्या. मी म्हटलं, हवा खराब आहे.

त्याच वर्षी दिवाळीला मुक्ता आली ती एक डबा घेऊन. डब्यात स्केचपेनासारखी बारा पेनं. झाकण काढलं की प्रत्येकातून वेगळा वास. लवंग, केळं, लिंबू, मासळी, साबण... नाकाखाली पेन धरायचं, कागदावर एक ते चार आकडे घातलेली चार नावं असतात, त्यातल्या एकावर खूण करायची. पन्नाशीच्या पुढची वाडीतली वीस-बावीस माणसं तिने पडवीत बसवून तपासली. ज्यांचं कमी आलं त्यांना पुण्याला पुढच्या तपासणीला नेणार होती.

"घरचा माणूस अभ्यासात धरत नाहीत," ती म्हणाली, "पण बाबा, तुझंही करूया. काका, तूपण ये. एकाच फेरीत दोघांचं उरकते."

"माझी कसली परीक्षा घेतेस गो?" नाना हसला. "माझं नाक काय तुझ्या पेनाला घाबरतं?"

मी त्याच्याकडे बघितलं. घाबरला होता. साठी उलटलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा गुडघ्यावर हात घासत होता. मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो, आणि थंडी वाजतेय म्हणून पंचा दोघांच्या मांडीवर पसरला. दिवाळीत, रत्नागिरीत, दुपारी बाराला थंडी! मुक्ता पण हसली.

ती पेन आधी माझ्या नाकाखाली धरायची, मग नानाच्या. माझी खूण झाली की पंच्याखाली मी नानाची बोटं दाबायचो. चार, एक, दोन, तीन... बारा वेळा. नाना त्याचा कागद पलीकडच्या मांडीवर ठेवून खूण करत होता, मला दिसत नव्हता, आणि अभिनय इतका झकास की विचारू नका. "लवंग आहे, पण जुनी," वगैरे.

संध्याकाळी मला म्हणाला, "तीन मी मुद्दाम चुकवली. दोघांचं सारखं आलं असतं तर पोर ओळखती."

"कुठली तीन?"

"तुला कशाला हवीत?" आणि आम्ही दोघं शेडमध्ये बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

पुढच्या पावसाळ्यापासून नाना बदलला. बागेत जाईना. आंघोळीला कंटाळा करी. पाहुण्यांसमोर भलतंच बोलून जाई. वहिनी एकदा दाराआड बोलावून म्हणाली, "भावजी, हे असे नव्हते हो. काल पानातली आमटी अंगावर सांडली, तसेच बसून राहिले. पुसलीसुद्धा नाही." सगळे म्हणाले वय झालं. मग तो दाराच्या चौकटीवर आपटायला लागला, बाजूचं दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि चष्म्याचा नंबर द्यायच्या ऐवजी म्हणाले, आजच्या आज मेंदूचा एमआरआय करा.

पुण्याच्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मी नेहमी सगळं नारळाएवढं सांगतो म्हणून लोक हसतात, पण ती गाठ खरोखर हातात मावेल न मावेल अशा कैरीएवढी होती. नाकाच्या वर, मेंदूच्या तळाशी, वास नेणाऱ्या नसांवर बसलेली. भोवतीचा मेंदू सुजलेला.

"ही कॅन्सरची गाठ नाही," डॉक्टर म्हणाले. "फार हळू वाढते. लहान असताना काढली तर माणूस बहुतेक वेळा खडखडीत बरा होतो. यांचा वास कधी गेला?"

मुक्ता म्हणाली, "वास गेलेला नाही, सर. वर्षापूर्वी मी स्वतः टेस्ट केली. बारापैकी नऊ. त्यांच्या वयाला एकदम नॉर्मल."

डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "या जागी एवढी गाठ असताना?" ते म्हणाले. "अवघड आहे. तुमच्या टेस्टमध्ये काहीतरी चुकलं असावं."

मी तिथे होतो. तिच्यापासून दोन हातांवर. हजार माणसांसमोर तोंड न थकणारा मी. माझं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, आता सांगून काय? आधी ऑपरेशन होऊ दे, नाना बरा होऊ दे, मग सावकाश सांगू. हसत हसत सांगू.

ऑपरेशन झालं, पण मेंदूची सूज उतरली नाही. नवव्या दिवशी नाना गेला.

मग सांगायला धीर राहिला नाही. मुक्ता दिवसकार्य उरकून पुण्याला गेली, आणि मे महिन्यात परत आली ती महिन्याभराची रजा घेऊन. कामाला हात लावेना. महिनाअखेर संस्थेला कळवायचं होतं, राहणार की सोडणार. वहिनीने विचारलं तर म्हणाली, "स्वतःच्या बापाची टेस्ट मला नीट घेता आली नाही. दुसऱ्यांच्या बापांना मी काय सांगणार? बाकीच्या लोकांचं पण सगळं चुकलंच असेल." रोज नानाच्या टेस्टचा तो कागद काढून बघत बसायची. मी आत-बाहेर करायचो. रोज ठरवायचो, उद्या सांगू.

आता तो दिवस.

वाशीचे दलाल सलीमभाई आले होते. आमचा वीस वर्षांचा संबंध. शेडचं दार सताड उघडं, उन्हाने पत्रा तापलेला. मी पेटीवर बसलेलो, समोर ते स्टुलावर. भाव ठरवायची वेळ आली म्हणून मी सवयीने पंचा हातावर टाकला आणि हात पुढे केला. पंच्याखाली हात आला. माझी बोटं धरली.

चार बोटं दाबली. मग एक. मग परत एक. मला वाटलं, सलीमभाई आज भलत्याच भाषेत बोलतायत. मग तीन. मग दोन... ही सौद्याची बोली नव्हती. आणि मग मला ते कळलं. त्या हाताच्या अनामिकेला टोक नव्हतं.

नानाच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक तरुणपणी कोयतीने गेलेलं. पन्नास वर्षं तो हात मी ओळखतो. जाड, कोरडा, खरखरीत.

मी मान वर केली. सलीमभाई मोबाईल दोन्ही हातांत धरून कुणाला तरी मेसेज लिहीत होते. दोन्ही हातांत! आणि पंच्याखाली माझी बोटं कुणीतरी दाबत होतं. सावकाश. समजावून. एखाद्या मठ्ठ माणसाला शिकवावं तसं.

डाव्या हाताने मी पेट्यांवर नाव लिहायचं मार्कर उचललं आणि शेजारच्या पेटीवर जसे आकडे आले तसे लिहीत गेलो. बारा आकडे झाले. मग त्या हाताने माझा हात झटकून टाकला. धंद्यात सौदा मोडला की झटकतात तसा. जोरात. पंचा जमिनीवर पडला. खाली कुणी नव्हतं.

"दत्ताशेठ," सलीमभाई मोबाईल खिशात टाकत म्हणाले, "थांबा जरा, हात तरी घालू द्या! एवढी कसली घाई? आणि तब्येत बरी आहे ना? चेहरा असा का?"

त्यांना कसंबसं वाटेला लावलं. मी त्या पेटीसमोर बसून राहिलो. तेवढ्यात मुक्ता जेवायला बोलवायला आली.

"काका, हे काय लिहिलंयस?"

"कुठे काय? पेट्यांचे मार्क," मी म्हटलं. थाप अशी सहज आली, श्वासासारखी.

तिने पहिले चार आकडे वाचले आणि पेटीकडे पाठ फिरवली. उरलेले आठ न बघता म्हणून दाखवले. एकही चुकला नाही.

"हा बाबांचा कागद आहे," ती म्हणाली. "तो माझ्या फाईलमध्ये असतो. फाईलला कुलूप असतं. तू कुठे बघितलास?"

तेव्हा मी सांगितलं. नाक, शेड, पंचा, बोटं, सगळं. आणि आत्ता काय झालं तेही. ती ऐकत राहिली, आणि शेवटी फार मायेने, हो, मायेनेच, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काका, माझं मन राखायला आणखी एक गोष्ट रचू नकोस. तू कागद बघितलास. ठीक आहे. पण चूक माझीच आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी अक्षरही न फुगवता बोललो होतो, आणि पोर माझी समजूत काढत होती!

"अगो, खरंच सांगतो. नानाने तीन मुद्दाम चुकवली. आमची सारखी येऊ नयेत म्हणून. कुठली तीन ते मला आजही माहीत नाही."

तिने खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मुद्दाम?"

"मुद्दाम. त्याने स्वतः सांगितलं."

ती शेडच्या उंबऱ्यावर बसली. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली, "जुनी लवंग ओळखतो, आणि केळ्याला मासळी म्हणतो. लिंबाला साबण, मासळीला केळं. सगळ्यांत सोपी तीनच चुकली. नाक गेलेला माणूस असा चुकत नाही, आणि नाक असलेलाही असा चुकत नाही. मी शंभर वेळा तो कागद बघितला... ह्याचा अर्थ मला कधी लागत नव्हता."

आणि मग तिला ते लागलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते लागताना बघितलं.

महिनाअखेर मुक्ता कामावर परत गेली. आता टेस्ट घेताना एका वेळी एकच माणूस बसवते, म्हणे, खोलीत दुसरं कुणी नाही. जाण्याआधी तिने मला बरोबर पुण्याला नेलं आणि माझ्याच डोक्याचा एमआरआय करवून घेतला. वास, दृष्टी, हातांची संवेदना, सगळं तपासलं. काहीही निघालं नाही. अपराधी मन मेंदूला स्पर्शाचाही भास घडवू शकतं, असं ती म्हणते. शक्य आहे. पण ज्या तीन आकड्यांची मला कल्पनाच नव्हती, ते माझ्या मेंदूने कुठून आणले, असं विचारलं तर तो कागद पुन्हा काढून बसते. सलीमभाई पोराबाळांची शपथ घेऊन सांगतात की त्यांनी हात घातला नव्हता. या गोष्टीला दोन वर्षं झाली. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा. आणि घरात कुणाचा वास गेला असेल तर ते लपवू नका, एवढं म्हातारपणी माझं ऐका.

एक मात्र मी वर गाळलं. गाळून चालेल असं वाटलं होतं, चालणार नाही.

त्या दिवशी उंबऱ्यावरून उठताना मुक्ताने माझ्याकडे न बघता एकच प्रश्न विचारला होता.

"बाबांचं नाक गेलंय हे तुला कळलं, तेव्हापासून आपण त्याला हॉस्पिटलात नेईपर्यंत... किती दिवस होते काका?"

मी जन्मभर आकडे वाढवून सांगत आलोय. साडेतीनशेची हजार कलमं केली, एका तलवारीच्या दोन झालेल्या ऐकून घेतल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच मला आकडा कमी करून सांगावासा वाटला. चार-पाच महिने म्हटलं असतं तरी तिला कळण्याचा मार्ग नव्हता. जिभेवर आलंही होतं.

"एकोणीस महिने," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणाली, आणि जेवण वाढलंय म्हणून घराकडे गेली. मी मागून गेलो नाही.